चिंचोक्याला तोंड नसतं

दहिवलीला खोली बघायला गेले त्या दिवशी आमच्या होणाऱ्या घरमालकीण, आळीच्या काकी, ओटीवर पाय सोडून बसल्या होत्या आणि फोडलेला एक चिंचोका वर उडवत होत्या. तो खाली पडला की वाकून बघायच्या आणि मागच्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढायच्या. रेघांचे दोन रकाने वाशांपर्यंत पोचले होते. मी नमस्कार केला. त्यांनी हाताने मला थांबवलं, चिंचोका आणखी एकदा उडवला, रेघ ओढली आणि मग विचारलं, "काय पायजे?"

तुम्ही मुलांनी चिंचोका बहुधा पाहिलेला नाही. चिंचेची बी ती. मधोमध फोडली की अर्ध्या तुकड्याची आतली बाजू पांढरी आणि बाहेरची काळपट दिसते. आमच्या लहानपणी पट खेळताना फाशांऐवजी असे चिंचोके टाकत. काकी मात्र खेळत नव्हत्या. हातातला चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखा पडतो की नाही, ते त्या तपासत होत्या. जो एकाच बाजूवर जास्त पडे तो चुलीत जाई. आळीतल्या बायकांना ती करणी वाटायची.

त्याच दुपारी रेल्वेतला एक कारकूनही खोली मागायला आला होता. त्याची बायको काकींच्या माहेरच्या गावची. मला वाटलं, संपलं. पण काकी उठल्या आणि फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. रस्त्याने डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेतलेली एक बाई चालली होती. तिला हाक मारून त्यांनी चिंचोका तिच्या हातात दिला.

"पांढरा पडला तर ही मास्तरीण, काळा पडला तर हा पावना. टाक गं बाय."

पांढरा पडला. कारकुनाची बायको रुसून निघून गेली. काकी किल्ली माझ्या हातात देत म्हणाल्या, "तू मला काय आवडली नायस. इंग्रजी शिकलेल्या बायका पानी लय सांडतात. पन निघालीस तू."

मी धिटाईने विचारलं, "आवडले नाही, मग खोली का देता?"

"आवडनं येगळं आनि कळनं येगळं. कोन बरा भाडेकरू, ते मला कळत नव्हतं."

लग्नानंतरचं ते दुसरं वर्ष होतं, साठच्या दशकाची सुरुवात. तुमचे आजोबा खोपोलीच्या कारखान्यात जात, मी कर्जतच्या शाळेत इंग्रजी शिकवी. त्या दोन खोल्यांत आम्ही तीसएक वर्षं राहिलो. पुढे स्वतःचं घर बांधता येत असूनही काही काळ राहिलो, कारण काकींना सोडून जायचं कसं, ते आम्हाला सुचेना.

काकी विधवा होत्या, भाताची बऱ्यापैकी जमीन राखून होत्या आणि कोणाचंही ऐकत नसत. त्यांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे "म्हणतात" हा शब्द. "काकी, म्हणतात की यंदा पाऊस लांबणार." "कोन म्हन्तो? त्याला माझ्यासमोर उभा कर." "काकी, म्हणतात की गाभण म्हशीला अमुक पाला घालू नये." "उभा कर." माणूस उभा करता आला नाही तर बोलणाऱ्याला चहा मिळत नसे. एकदा गावच्या कीर्तनात बुवा "असे म्हणतात की" म्हणून सुरुवात करते झाले आणि काकी सवयीने अर्ध्या उठल्या. मी त्यांचा पदर धरून त्यांना खाली बसवलं.

रस्त्यालगत त्यांची दोन खाचरं होती, मधे एक बांध. खाचर म्हणजे भातशेतीचा बांधलेला तुकडा. बाकी जमिनीत त्या चारचौघांसारखंच पिकवीत, पण ही दोन खाचरं परीक्षेची. नवं बी आलं की एकात नवं लावायचं, दुसऱ्यात जुना कोळंब. खत सारखं, लावणी एकाच दिवशी, माणसं तीच. कोणत्या खाचरात कोणतं बी, ते चिंचोका ठरवी, आणि चिंचोका टाकी रस्त्याने जाणारा कोणीतरी. ज्याचं शेत त्याने टाकायचा नाही, ज्याचं बी त्यानेही नाही.

एके वर्षी शेतीखात्याचा एक साहेब बुटक्या जातीचं नवं बी घेऊन आला. त्याला ते ओढ्याकडच्या खाचरात हवं होतं. तिथे पाणी बरं, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला पीक दिसतं.

"तिथं कोळंब पन चांगला येतो," काकी म्हणाल्या.

"अहो, पण लोकांना नवं बी दाखवायचंय ना!"

"दाखवायचं हाय का बघायचं हाय, ते आदी ठरव."

साहेब चिडला. तहसीलदाराचं नाव घेऊन झालं, खत मिळणार नाही म्हणून सांगून झालं. काकी बांधावर मांडी घालून बसल्या. "मी बसलेय. मला उचला आनि लावा काय ते." कोणी उचललं नाही. शेवटी एका टांगेवाल्याने चिंचोका टाकला आणि नवं बी पलीकडच्या खाचरात गेलं. साहेबाने पुन्हा तोंड दाखवलं नाही. गंमत अशी की त्या वाईट खाचरातही बुटकं बी जास्त पिकलं आणि दुसऱ्या वर्षी काकींनी अर्ध्या जमिनीत तेच लावलं. मी म्हटलं, "म्हणजे साहेबाचंच खरं होतं." त्या म्हणाल्या, "त्याचं खरं होतं. पन त्याला म्हाईत नव्हतं."

नाणं का उडवत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "नान्यावर आदी राजाचं तोंड होतं, आता सरकारचं हाय. चिंचोक्याला कोनाचंच तोंड नाय."

तुम्हाला वाटेल, म्हातारी प्रत्येक गोष्ट नशिबावर सोडत असेल. तसं मुळीच नव्हतं. शाळेने मला मुख्याध्यापिका व्हायला सांगितलं तेव्हा मी फार घाबरले. वरच्या जागेवर बाई बसलेली तेव्हा कमिटीतल्या काहींना रुचत नव्हतं, आणि ते तसं बोलूनही दाखवत. मी काकींकडे गेले आणि हसत हसत म्हटलं, "टाका तुमचा चिंचोका. पांढरा पडला तर घेते."

त्या चूल फुंकत होत्या. वळूनही पाहिलं नाही. "तू ते काम करशील का नाय करशील?"

"करीन. चांगलं करीन."

"मंग तुला कळतंय. तुला फकस्त भ्या वाटतं. भ्याला चिंचोका नसतो. ऊठ, माझा धूर अडवू नको."

मी उठले आणि ते पद घेतलं. सोळा वर्षं सांभाळलं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा काकींच्या छातीत कळ आली. एक झटका त्यांनी गॅस समजून अंगावर काढला होता, असं नंतर कळलं. त्यांचा थोरला मुलगा खोपोलीला कारखान्यात सुपरवायझर होता. सरळ माणूस, आईवर जीव. त्याने त्यांना मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं आणि मला बरोबर घेतलं, कारण सगळे कागद इंग्रजीत, आणि दुसऱ्या कोणी अर्थ सांगितला तर काकी त्याला उभा कर म्हणाल्या असत्या.

हृदयाची मुख्य रक्तवाहिनी अगदी अरुंद झाली होती. छाती उघडून ऑपरेशन करायला सर्जनने नकार दिला. हृदय फार दुबळं होतं. राहिला एकच उपाय: मांडीतून बारीक नळी घालून, टोकाचा इवला फुगा फुगवून ती वाहिनी रुंद करायची. आपल्याकडे तेव्हा ते नवीनच होतं. डॉक्टर चाळिशीचा होता, शांत बोलणारा. त्याने खुर्ची ओढून घेतली आणि मराठीत समजावून सांगितलं.

"आजी, मी फुगा फुगवला की थोडा वेळ रक्त अडणार. तेवढं तुमच्या हृदयाला झेपलं नाही तर ते तिथेच थांबू शकतं. आमच्याकडे एक यंत्र आहे. दुसऱ्या मांडीतून एक लांब फुगा मोठ्या वाहिनीत सोडतो. हृदय दोन ठोक्यांच्या मधे विसावतं तेव्हा तो फुगतो, ठोका पडताना मिटतो. हृदयाला टेकू मिळतो. काही डॉक्टर सांगतात, तुमच्यासारख्यांना तो आधीच लावून ठेवावा. काही सांगतात, त्याने पायाचं रक्त अडतं, रक्तस्राव होतो. तो दाराशी तयार ठेवावा, लागला तरच घ्यावा. आम्ही दोन्ही करून बघतोय. कोणाला काय, ते बंद पाकिटातून निघतं."

थोरला उसळला. "म्हंजे आमच्या आयेचा जीव सोडतीवर? यंत्र हाय तर लावा! कोनाला बी विचारा, यंत्र असलेलं बरं!"

"तू गप रं," काकी म्हणाल्या. डॉक्टरकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. भाताचा दाणा चिमटीत धरून बघत, तशाच. "डाक्टर, खरं सांगा. लावलेलं बरं का न लावलेलं बरं, तुमाला कळतंय का?"

"नाही कळत," तो म्हणाला. "कळलं असतं तर पाकिटं केली नसती."

काकींचा चेहरा इतका खुलला की मला आश्चर्य वाटलं. कोणी डॉक्टर, साहेब, बुवा आजवर त्यांना असं बोलला नव्हता. "बाय, कुठं अंगठा करायचा ते दाखव," त्या मला म्हणाल्या. मी प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखवल्याखेरीज मात्र त्यांनी अंगठा केला नाही.

फुगा घालायच्या आदल्या दिवशी भेटीच्या वेळेला थोरला आला तो हसत. नारळपाणी आणलं होतं. आईचे पाय चेपत हळूच म्हणाला, "आये, भिऊ नको. तुला यंत्रच मिळनार."

काकींनी पाय आखडून घेतले. "तुला कसं ठावं?"

"बघितलंय. आमच्या मॅनेजरची वळख हाय हितल्या एका कारकुनाशी. त्यानं पाकिटं उजेडात धरून बघितली. यंत्राचं होतं ते तुझ्या नावावर वर ठेवलंय. मी काय वाईट केलं? दुसऱ्या कोनाचं काय हिसकून नाय घेतलं."

काकी पलंगावरून उतरल्या, इस्पितळाचा झगा उतरवला, आपलं लुगडं नेसल्या, चादरीची घडी घालून उशाशी ठेवली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. ओठ निळसर झाले होते. मी मागे धावले.

"काकी, झोपा. तुम्हाला चालायची मनाई आहे."

"मला घरी न्या."

"आये, मरशील!" थोरला रडकुंडीला आला.

"मरीन. पन माझ्या खाचरात तुझ्या वशिल्याचं बी नको. त्या मानसानं खरं सांगितलं मला. त्याच्या बांधावर जाऊन मी चोरून पानी वळवू व्हय रं?"

नर्स ओरडली, वॉर्डबॉय आला, शेवटी डॉक्टर आला. काकींनी त्याला एवढंच सांगितलं, "कोनी, ते सांगनार नाय. पन तुमची पाकिटं फुटलीत."

डॉक्टरचा चेहरा उतरला. तो त्यांच्या शेजारी बाकावर बसला आणि कपाळ धरून राहिला. मग म्हणाला, "उरलेली सगळी पाकिटं बाद. नवी व्यवस्था व्हायला आठवडा जाईल. आजी, तुमचं हृदय तेवढी वाट बघणार नाही. तुम्हाला मी या अभ्यासातून बाहेर काढतो. यंत्र हवं असेल तर लावतो, नको असेल तर नाही."

"लावा, साहेब!" थोरला हात जोडून म्हणाला.

"थांब. डाक्टर, परवा तुमाला कळत नव्हतं. आता कळाया लागलं का?"

"नाही."

"मंग बाहेर कशाला काढता?" त्यांनी कनवटीची गाठ सोडली आणि चिंचोका त्याच्या तळहातावर ठेवला. "हा फुटलेला नाय. म्हंजे फोडलेला हाय, पन उजेडात धरून यातलं काय दिसत नाय."

डॉक्टरने तो उलटापालटा करून पाहिला. "दोन्ही बाजूंनी सारखा पडतो का?"

"पावसाळाभर टाकून बघितलाय. भिंत बघायला या."

मी साक्ष दिली. डॉक्टर हसला नाही. तो गंभीरपणे म्हणाला, "ठीक आहे. माझ्या पाकिटांहून हा बरा. पांढरा पडला तर यंत्र. टाका."

"मी नाय. ज्याचं शेत त्यानं टाकायचा नाय."

"मग मी टाकते," मी म्हटलं.

"तू तर मुळीच नाय. तोंड बघ तुझं. पांढऱ्यासाठी नवस बोलून बसलीयस."

खरंच बोलले होते. जिन्याने एक स्थूल गृहस्थ थर्मास घेऊन धापा टाकत वर येत होते, कोणाला तरी भेटायला. काकींनी त्यांना हाक मारली. "ओ पावनं, हा एकदा वर उडवा." ते गोंधळून म्हणाले, "का? कशासाठी?" काकी म्हणाल्या, "ते नका इचारू. इचारलं की हात अडतो."

त्यांनी उडवला. चिंचोका फरशीवर टणटणत बाकाखाली गेला. डॉक्टर, नर्स, थोरला आणि मी, सगळे गुडघ्यांवर वाकलो.

काळा.

थोरला तिथेच फरशीवर बसला. काकी उठल्या, झगा मागून घेतला आणि जाता जाता त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "रडू नको. माझं काय व्हनार, ते अजून कोनालाच ठावं नाय. तुला बी नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं. यंत्र दाराबाहेर उभं होतं: चाकांवरचं एक कपाट, वर पडदा, खाली गॅसचं नळकांडं. थोरला त्याच्यावर हात ठेवून उभा राहिला. वॉर्डबॉयने दोनदा हटकलं तरी हात काढला नाही. बैल सुटून जाईल म्हणून वेसण धरावी, तसा धरून होता. मी बाकावर बसून इंग्रजी क्रियापदांची रूपं मनात म्हणत होते. मला देवाचं काही आठवेना.

मधेच दार उघडलं. नर्स घाईघाईने आली, थोरल्याला बाजूला सारून तिने यंत्र उंबऱ्यापर्यंत ओढलं. पुढची चाकं आत, मागची बाहेर. आतून डॉक्टरचा आवाज आला, "थांबा." ती थांबली. आम्हीही. आत कोणीतरी आकडे मोठ्याने वाचत होतं. ते चढत होते की उतरत होते, मला काही कळत नव्हतं. आयुष्यभर इंग्रजी शिकवूनही. मग आवाज आला, "न्या मागे." नर्सने यंत्र ढकलून पुन्हा भिंतीला लावलं आणि थोरल्याला म्हणाली, "घ्या, धरा तुमचं."

काकी वाचल्या. त्या नंतर सांगत, "डाक्टर मधीच गप झाला, तवा मला वाटलं, आता काढनी."

त्या घरी आल्यावर अख्खी आळी बघायला लोटली. "काकी, म्हणतात की तुम्हाला हृदयाचं मशीन लावलं."

"कोन म्हन्तो? उभा कर."

"मग नाही लावलं? चांगलं का वाईट असतं ते?"

"मला काय इचारता? मी बाजूच्या खाचरात होते."

हे उत्तर त्यांनी प्रत्येकाला दिलं. वाचले म्हणून यंत्र नको, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, आणि दुसऱ्या कोणाला म्हणू दिलं नाही. गावच्या सरपंचाने सत्काराच्या भाषणात "यंत्राविना मृत्यूवर मात" असं काही सुरू केलं तेव्हा त्या शाल अंगावर असतानाच उठून घरी आल्या.

पुढच्या थंडीत डॉक्टर स्वतः दहिवलीला आला. म्हणाला, भिंत बघायला आलोय. काकींनी त्याला रेघा दाखवल्या, दोन खाचरं दाखवली, वालाचं बिरडं आणि भाकरी वाढली. तो हात धुऊन बसल्यावर विचारलं, "पिकाचं काय झालं?"

"अजून काढणी व्हायची आहे, आजी. बरेच पेशंट बाकी आहेत."

"मंग इतक्यात आलात कशाला?"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

काकी त्यानंतर तीन पावसाळे जगल्या. शेवटच्या दिवसांत त्यांनी थोरल्याला बजावलं होतं की मुंबईचं पीक काय आलं, ते कळल्याशिवाय माझं वर्षश्राद्ध घालू नको; तसं घातलंस तर पिंडाला शिवू नको म्हणून कावळ्याला सांगून ठेवीन. थोरला दोनदा मुंबईला जाऊन हात हलवत परत आला. भटजी ओरडले, भाऊबंद ओरडले, तिथी टळून गेली. तो हलला नाही. आईचा हट्ट त्याच्यात आहे, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तिसऱ्या खेपेला त्याला उत्तर मिळालं. संध्याकाळी तो गाडीतून उतरला तो घरी न येता थेट खाचरांकडे गेला. मी मागोमाग गेले. भात कापून झालं होतं, दोन्ही खाचरं उघडी पडली होती. तो मधल्या बांधावर उभा राहिला आणि मोकळ्या जमिनीकडे बघून मोठ्याने म्हणाला, "आये, सारखंच आलं गं! यंत्र लावलेले आनि न लावलेले, डाक्टर म्हन्तो फारसा फरक नाय!"

मग माझ्याकडे वळला. डोळे पुसत, थोडा हसत, थोडा अजूनही भांडत म्हणाला, "म्हंजे बघा बाई. मी केला तो वशिला चालला असता, तरी काय फरक पडला नसता."

काकी नव्हत्या, तेव्हा ते मलाच बोलावं लागलं. "पडला असता," मी म्हटलं. "सगळ्यांनीच तुझ्यासारखी पाकिटं उजेडात धरली असती, तर सारखं आलं, हे आज कोणाला कळलं असतं रे?"

तो बांधावरून खाली उतरला. मग म्हणाला, "उद्या भटजीला सांगावा धाडतो," आणि घराकडे चालू लागला.